'अ ट्विस्ट ऑफ जोबिम' : कुणी नीट बसून ऐकलाय का हा अल्बम?

शांत_दुपार

नमस्कार मंडळी, या अल्बमबद्दल लिहायचं किती दिवस मनात होतं, राहूनच जात होतं, आज घरात कुणी नाही आणि सकाळपासून तोच लावून ठेवलाय म्हणून बसलेच शेवटी लिहायला. १९९७ साली ली रिटनौर या अमेरिकन गिटारिस्टने काढलेला, नाव 'अ ट्विस्ट ऑफ जोबिम'. आंतोनियो कार्लोस जोबिम, म्हणजे ज्याने बोसा नोव्हा (सांबा आणि जॅझ यांतून आलेली ब्राझीलची हळुवार शैली) जगभर नेला तो ब्राझीलचा संगीतकार, ८ डिसेंबर १९९४ ला न्यूयॉर्कमध्ये वारला, वय फक्त ६७. त्याच्यासाठी रिटनौरने ही सगळी मंडळी गोळा केली. डेव्ह ग्रुसिन, हर्बी हॅनकॉक, अल जॅरो, ओलीटा ॲडम्स, एल डीबार्ज, आर्ट पोर्टर, ख्रिश्चन मॅकब्राइड, एरिक मॅरिएंथाल, अर्नी वॉट्स, यलोजॅकेट्स. नावं वाचूनच मी तेव्हा ऱ्हिदम हाऊसमधून सीडी उचलली होती, जोबिमचं तोवर 'गर्ल फ्रॉम इपानेमा' सोडून काहीच ऐकलेलं नव्हतं हे आधीच सांगते.

माझं म्हणणं एवढंच आहे की आदरांजली म्हणून निघालेले अल्बम बहुतेक वेळा त्याच चार गाजलेल्या गाण्यांभोवती फिरतात, इथे तसं नाहीये. ११ ट्रॅक आहेत. इपानेमा आहे, 'आग्वा दे बेबेर' आहे, 'वॉटर्स ऑफ मार्च' आहे, ते तर हवंच. पण 'कॅप्टन बकार्डी', 'मोहावे' आणि 'लमेंतो' हे तीन आले जोबिमच्या १९६७ च्या 'वेव्ह'मधून, आणि 'स्टोन फ्लॉवर' आणि 'चिल्ड्रन्स गेम्स' हे दोन १९७० च्या 'स्टोन फ्लॉवर'मधून. म्हणजे ११ पैकी ५ गाणी अशी की जी लग्नाच्या रिसेप्शनला, हॉटेलच्या लॉबीत कुठेही कानावर पडणार नाहीत. ज्याने ही यादी केली त्याने ते दोन अल्बम झिजेपर्यंत ऐकले असणार, त्याशिवाय अशी निवड होतच नाही. मला या पाच गाण्यांतच त्या माणसाचं जोबिमवरचं प्रेम दिसतं.

आणि चाल कुठेही मोडलेली नाही. खालचा ठेका बदललाय, कॉर्ड्सवर नवीन रंग चढवलेत, पण मुख्य सुरावट आली की सगळे आपोआप बाजूला सरकतात आणि तिला जागा देतात. हेडफोन लावून ऐका, नायलॉनच्या तारेवरून बोट सरकतं त्याचा बारीक 'सर्र' आवाजसुद्धा ऐकू येतो काही ठिकाणी.

कुणी ऐकलाय का? काय वाटलं?

---

विलंबित

वाचतो आहे, छान लिहिलंय. मी जॅझ फार ऐकलेला नाही पण तुमचं वर्णन वाचून मला आपल्या बंदिशीच आठवल्या. बंदिश तीच, शब्द तेच, पण ग्वाल्हेर घराण्याचा गायक एका अंगाने जाईल आणि किराणा घराण्याचा दुसऱ्या, आणि तरी दोघांचं ऐकताना मूळ चीज कुठे हरवत नाही. आमच्याकडे सवाई सुरू झालं तेही गुरूच्या आठवणीतच, भीमसेनजींनी १९५३ ला केलं सुरू, सवाई गंधर्व गेले त्याच्या पुढच्याच वर्षी. पण तिथे प्रत्येकजण आपापलं गातो, गुरूच्याच चिजा गायल्या पाहिजेत असं नाही. इथे सगळे एकाच माणसाच्या रचना वाजवतायत, हे जास्त अवघड असणार. आपली ओळखही दिसली पाहिजे आणि त्याचीही.

---

कॅसेटपेटी

मी ऐकलाय, आणि माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका ताई. वादक एकेक भारी आहेत यात वादच नाही. पण नव्वदच्या दशकातल्या अमेरिकन स्मूद जॅझ रेडिओचा जो चकचकीतपणा होता ना तो या अल्बमला जागोजागी लागलाय. बोसा नोव्हा म्हणजे कानाशी येऊन हळू बोलणं. बोसाचा मूळ गायक जुवांव जिल्बेर्तो गायचा तेव्हा श्वास ऐकू यायचा. एल डीबार्जचं 'डिंडी' ऐकलं की मला ते छान आर अँड बी (अमेरिकन रिदम अँड ब्लूज) वाटतं, बोसा वाटत नाही.

जोबिमला खरी मानवंदना ऐकायची तर जो हेंडरसनचा 'डबल रेनबो', १९९५. तो ठरला तेव्हा जोबिम स्वतः त्यात वाजवणार होता, तो गेला आणि अल्बम त्याच्या आठवणीतला झाला. त्यात रचनाच बघा काय सुंदर आहे, अर्ध्या भागात ब्राझीलची माणसं, पियानोवर एलियान एलियास, गिटारवर ऑस्कर कास्त्रो-नेवेस, आणि उरलेल्या अर्ध्यात हर्बी हॅनकॉक, ख्रिश्चन मॅकब्राइड आणि ड्रम्सवर जॅक डिजॉनेट. हेंडरसनचा टेनर सॅक्स कुठेही ओरडत नाही. ब्राझीलवाल्यांबरोबर एक जोबिम ऐकू येतो आणि अमेरिकनांबरोबर दुसरा, आणि दोन्ही खरे वाटतात. तिथे कुणी पॉलिश मारत बसलेलं नाही.

---

शांत_दुपार

राग कसला मानायचा, 'डबल रेनबो' मलाही जीव की प्राण आहे. पण तो एका वादकाचा अल्बम आहे हो, हेंडरसनचा आवाज सगळीकडे तोच. मी बोलतेय ते दहा-बारा वेगवेगळ्या स्वभावाची माणसं एका माणसाच्या गाण्यांसाठी एकत्र येतात त्याबद्दल. आणि चकचकीतपणा आहे हे मान्य, दोनतीन ठिकाणी मलाही जास्त वाटतो. 'डिंडी'च्या बाबतीत मात्र मी तुमच्याशी भांडणार. त्यात सॅक्स आहे आर्ट पोर्टरचा. हा मुलगा मूळचा अर्कान्सामधल्या लिटल रॉकचा, वडील जॅझ पियानिस्ट, शाळकरी वयापासून त्यांच्याबरोबर क्लबमध्ये वाजवायचा, अल्पवयीन मुलाला दारू मिळते अशा ठिकाणी वाजवता येत नाही म्हणून अडचण आली तर तिथला कायदा बदलला गेला, त्या कायद्याला या मुलाच्याच नावाने ओळखतात. नोव्हेंबर १९९६ मध्ये थायलंडला जॅझ फेस्टिव्हलला गेला होता, तिथे होडी उलटली आणि तो गेला, ३५ वर्षांचा. अल्बम आला तो त्यानंतर. एका गेलेल्या माणसासाठी वाजवलेलं आणि वाजवणाराच नाही. आणि हेच गाणं सुरुवातीला जिच्या आवाजात ओळखलं जायचं ती सिल्व्हिया तेलेस, तीही १९६६ साली मोटार अपघातात गेली, तिशीतच होती. हे सगळं कळल्यापासून मला त्या ट्रॅकमधला सॅक्स वेगळाच ऐकू येतो, आर अँड बी असो की अजून काही असो.

---

माड_आणि_मांडवी

सुंदर धागा. एक छोटी दुरुस्ती, राग नको. 'डिंडी' नाही, 'जिंजी'. ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये द नंतर इ आली की ज होतो. माझी आजी पणजीला पोर्तुगीज शाळेत शिकलेली, ती 'द'च म्हणते, लिस्बनचं वळण, आणि ब्राझीलची गाणी लागली की तिला ती भाषा गोड पण लाडावलेली वाटते. 'आग्वा दे बेबेर' रिओचा माणूस 'आग्वा जि बेबेर' म्हणेल. अर्थ साधा, प्यायचं पाणी. आणि जोबिमचा उच्चार साधारण 'झोबीं', शेवटी नाकातून.

---

शांत_दुपार

जिंजी! इतकी वर्षं मी मनातल्या मनात आपली वारीतली दिंडी म्हणत होते. खूप धन्यवाद, आता तसंच म्हणणार. आजींना विचारून अजून लिहा ना.

---

गिटारवाला_दादर

उशिरा आलो धाग्यावर. मी वाजवतो थोडं, म्हणून त्या बाजूने लिहितो. बोसाचा ठेका ऐकायला सोपा वाटतो आणि वाजवायला घेतला की आठवडाभर हात ऐकत नाही. पिक (तार छेडायची छोटी चकती) वापरायचा नाही. अंगठा वरच्या जाड तारांवर, एक दोन, एक दोन, सांबातला सुर्दू नावाचा मोठा ढोल असतो त्याचं काम अंगठा करतो, अजिबात हलायचं नाही त्याने. बाकीची तीन बोटं कॉर्ड एकदम उचलतात आणि ती ठोक्यावर पडत नाहीत, ठोक्याच्या किंचित आधी येतात. आपल्याकडे समेच्या आधी आघात घेऊन समेवर नुसतं हसायचं, तसं काहीसं. ड्रमर पण जोरात मारत नाही, स्नेअर नावाच्या छोट्या ड्रमवर काडी आडवी टेकवून कडेवर टिक, टिक टिक, एवढंच.

आता ट्विस्टमध्ये काय केलंय, हा अंगठा बेस गिटारकडे दिलाय आणि कधीकधी पार फंककडे नेलाय. कॅसेटपेटी म्हणतात तो चकचकीतपणा मला वाटतं तिथून येतो, गिटारचा अंगठा गेला की कानाशी बोलणं जातं. पण रिटनौरचं कौतुक म्हणजे तो स्वतः नायलॉनची गिटार हातात घेतो तेव्हा बोटं ब्राझीलचीच आहेत. ब्राझीलचं वेड त्याला आधीपासून आहे, १९७९ ला त्याने 'रिओ' नावाचाच अल्बम केलाय, नंतर 'हार्लेक्विन'मध्ये ब्राझीलचा गायक इव्हान लिन्सला घेऊन आला. जोबिम गेला म्हणून अचानक जागा झालेला माणूस नाही हा.

आणि इपानेमाला सगळे हलकं समजतात ना, एकदा पेटीवर वाजवून बघा. पांढरी चारमध्ये सुरू करा, पहिला भाग अगदी सरळ. मधला भाग आला की गाणं पटकन काळी तीनवर चढतं, अर्धाच सूर वर, आणि तिथून तोच तुकडा उचलून अजून वर, मग पुन्हा वर, आणि तुम्हाला वाटतं आता परत यायचा रस्ताच नाही, आणि दोन-चार कॉर्डमध्ये हा बाबा तुम्हाला अलगद घरी आणून सोडतो. लिफ्टमध्ये वाजणाऱ्या गाण्यात हे आहे. (सॅक्सवाला स्टॅन गेट्झ आणि जिल्बेर्तो यांच्या गाजलेल्या रेकॉर्डवर ते काळी एकमध्ये आहे, पण तुम्ही चारमध्येच घ्या.)

---

विलंबित

गिटारवाले, तुमचा प्रतिसाद वाचून पेटी काढली. काळी तीनवर गेल्यावर खरंच क्षणभर षड्ज हरवतो. आमच्याकडे मूर्च्छना भेद करतात तेव्हा असाच षड्ज हलल्यासारखा वाटतो, पण ती मुद्दाम दाखवायची गोष्ट असते, इथे इतकं सहज केलंय की लक्षातही येत नाही. फार मोठा संगीतकार आहे हा. आता काय काय ऐकू सांगा, क्रमाने सांगा.

---

नवखा_श्रोता

मी पण यादीच्या प्रतीक्षेत. मी 'वॉटर्स ऑफ मार्च'चं पोर्तुगीजमधलं जुनं रेकॉर्डिंग ऐकलं, एक बाई आणि एक पुरुष गातात ते. सुरुवातीलाच ते 'पाव' म्हणतात का? मला अगदी स्पष्ट पाव ऐकू आलं.

---

माड_आणि_मांडवी

नाही, तो 'पाउ', म्हणजे काठी, लाकूड. आपला पाव आला तो 'पांव' वरून, नाकातून उच्चारायचा, तो वेगळा. पण तुमच्या कानाचा दोष नाही, आपल्या भाषेत पोर्तुगीज शब्द इतके मुरलेत की ऐकताना ओळखीचं काहीतरी सापडत राहतं. बाई म्हणजे एलिस रेजिना आणि पुरुष स्वतः जोबिम, १९७४ चा 'एलिस आणि टॉम', लॉस एंजेलिसला रेकॉर्ड केलेला. टॉम हे त्याचं लाडकं नाव.

---

साओपावलोकर

या गाण्यावर मला लिहायलाच हवं. मी चार वर्षं साओ पावलोला होतो कामानिमित्त. आपल्याकडे मार्च म्हणजे उन्हाळ्याची सुरुवात, तिकडे उलटं, मार्चमध्ये उन्हाळा संपतो आणि संपता संपता झोडपून काढतो. दुपारी तीन-चारला आभाळ काळं होणार, अर्धा तास असा कोसळणार की रस्त्याची नदी, गाड्या अडकलेल्या, डोंगराकडच्या भागात दरडी आणि लाल चिखल. गाणं त्या पाण्याचं आहे. जोबिमची रिओच्या वरच्या बाजूला डोंगरात जागा होती, तिथे त्याने ते १९७२ ला केलं. 'ओ पास्किम' नावाच्या पेपरबरोबर एक छोटी रेकॉर्ड विकायला काढली होती, त्यात ते पहिल्यांदा आलं.

शब्द म्हणजे नुसती यादी आहे. काठी, दगड, रस्त्याचा शेवट, काचेचा तुकडा, गळ, मासा, बंद पडलेली गाडी, बेडूक, साप, पायाला झालेली जखम, हातात रुतलेला काटा, एक दिवसाआड येणारा हिवताप. क्रियापद जवळपास एकच, 'आहे', 'आहे', 'आहे'. पाण्याबरोबर जे जे वाहत येतं ते ते तो नुसतं दाखवत जातो आणि चाल खाली खाली उतरत राहते, उताराच्या पाण्यासारखी. मी तिथे पहिल्या वर्षी मार्चमध्ये खिडकीशी उभा राहून खाली चिखलातून वाहत जाणारी एक चप्पल बघत होतो आणि शेजारच्या घरात हेच लागलेलं होतं. तोवर मला ते गोड गाणं वाटायचं.

इंग्रजी शब्द जोबिमचेच आहेत. आणि इंग्रजीत लिहिताना मार्चचा अर्थच बदलला, कारण न्यूयॉर्कच्या माणसाला मार्च म्हणजे बर्फ वितळणं, वसंत येणं. लॅटिनवरून आलेले शब्दही जमेल तितके टाळले म्हणे, छोटे, ठोकळ शब्द घेतले. ट्विस्टमध्ये जॅरो आणि ओलीटा ॲडम्स दोघं मिळून गातात, ते मला आवडतं कारण एलिस आणि टॉमसारखं ते दोघांचं बोलणं ठेवलंय. एकट्याने गायलं की ती यादी वाटते, दोघांनी गायलं की खेळ होतो. फक्त दोघांचे आवाज इतके श्रीमंत आहेत की चिखल कुठे लागत नाही अंगाला. एवढी एक तक्रार.

---

कॅसेटपेटी

साओपावलोकर, काय लिहिलंय! 'चिखल लागत नाही अंगाला', मला जे म्हणायचं होतं आणि जमत नव्हतं ते हेच.

---

शांत_दुपार

हो, हे पटलं. मला पूर्ण पटलं. तरी मी म्हणेन की जोबिमने स्वतःच ते गाणं दुसऱ्या देशाच्या मार्चसाठी पुन्हा लिहिलं ना? म्हणजे त्याला आपलं गाणं दुसऱ्याच्या हवेत जाऊन बदललेलं चालत होतं. मग लॉस एंजेलिसच्या स्टुडिओतल्या माणसांनी त्याला आपल्या उन्हात वाळवलं तर ते त्याच्या विरुद्ध जाणारं नाही. काठी-दगडाचा क्रम त्यांनी मोडलेला नाही, ती उतरणारी चाल तशीच आहे.

विलंबितकाका, क्रम माझ्या मते असा घ्या. आधी खुद्द जोबिमचा 'वेव्ह', मुखपृष्ठावर जिराफ आहे तो. त्यात तो बहुतेक वेळ नुसता वाजवतो, पियानोवर एका बोटाने वाजवल्यासारखे मोजकेच सूर, मागे क्लाउस ओगरमनची व्हायोलिनं आणि रॉन कार्टरचा बेस. गातो फक्त एका गाण्यात, 'लमेंतो'मध्ये. मग लगेच ट्विस्टमधला 'लमेंतो' लावा. तिसरा 'स्टोन फ्लॉवर'. आणि त्यानंतर कॅसेटपेटींचा 'डबल रेनबो'. गंमत अशी की 'डबल रेनबो' या नावाचं गाणं म्हणजे 'चिल्ड्रन्स गेम्स'चंच दुसरं नाव, पोर्तुगीजमध्ये त्याला 'गुलाबाच्या झुडपावर पडणारा पाऊस' म्हणतात. एकाच चालीला तीन नावं. ती तीन मात्रांच्या ठेक्यात आहे, म्हणजे बोसा नाहीच, सरळ वॉल्ट्झ.

---

गिटारवाला_दादर

यात एक राहिला, १९९३ चा साओ पावलोचा कार्यक्रम. 'आंतोनियो कार्लोस जोबिम अँड फ्रेंड्स' नावाने १९९६ ला आला. हर्बी हॅनकॉक, जो हेंडरसन, शर्ली हॉर्न, जॉन हेंड्रिक्स, क्यूबाचा गोंझालो रुबालकाबा, गाल कोस्ता, आणि बेसवर पुन्हा रॉन कार्टर, म्हणजे १९६७ च्या 'वेव्ह'मध्ये होता तोच माणूस २६ वर्षांनी. तिथे चिखल आहे, घाम आहे, चुकाही आहेत. सगळे त्याच्यासमोर त्याचीच गाणी वाजवतात आणि शेवटी तो स्वतः पियानोवर येऊन बसतो. आवाज थकलेला आहे. वर्षभरानंतर तो नव्हता. हयातीत, आपल्या देशात, आपल्या माणसांसमोर मिळालेली मानवंदना ती. मला विचाराल तर या तिन्ही मानवंदनांतली हीच माझी.

---

साओपावलोकर

+१. तिथे त्याला लोक टॉमच म्हणतात अजून, घरातल्या माणसासारखं. रिओच्या विमानतळाला त्याचं नाव आहे १९९९ पासून, आणि त्याच विमानतळावर उतरतानाचं त्याचं एक गाणंही आहे. माझं विमान पहिल्यांदा खाली आलं तेव्हा खिडकीतून पाणी आणि डोंगर एकदम दिसले आणि शेजारच्या बाई ते गुणगुणत होत्या.

---

विलंबित

'वेव्ह' ऐकला काल रात्री. एवढ्या थोड्या सुरांत एवढं! वझेबुवांच्या काळची माणसं म्हणायची की न घेतलेला सूरही ऐकू आला पाहिजे, तसं. 'लमेंतो' दोन्ही ऐकले, लागोपाठ. ट्विस्टमधला ऐकताना मला त्या थकल्यासारख्या साध्या आवाजाची आठवण येत राहिली, म्हणजे त्यांनी ती पुसली नाही. माझ्या मते ताईंचा मुद्दा इथे सिद्ध होतो. इपानेमाच्या मधल्या भागावर अजून बसलोय, परत येतानाचा रस्ता हाताला सापडत नाहीये.

---

माड_आणि_मांडवी

काल आजीला एलिस आणि टॉमचं ते मार्चचं गाणं लावून दाखवलं. वय ९१, ऐकायला कमी येतं, म्हणून फोन कानाशी धरला. पहिल्यांदा उच्चारावर नाक मुरडलं. मग एकेक शब्द कोकणीत सांगायला लागली, काठी, दगड, काटा, बेडूक, चिखल, आणि हिवतापावर थांबली, तिच्या भावाला तोच होता लहानपणी, एक दिवसाआड यायचा. शेवटी ते दोघं गाता गाता हसतात ना, तिथे तीही हसली. मग म्हणाली की हे सगळं आपल्या आषाढातलंच आहे, मार्चमध्ये कसं?

मी साओपावलोकरांनी लिहिलंय ते वाचून दाखवलं तिला. चप्पल वाहत गेली ते दोनदा वाचायला लावलं.

---

शांत_दुपार

आजींना माझा नमस्कार सांगा. जिंजी पण लावून दाखवा एकदा, डीबार्जचं. उच्चार कसा करतो ते त्यांनाच विचारा, मला कळवा.

काका, परत येताना पांढरी पाचवरून या, म्हणजे सापडेल रस्ता.